गावच्या ई-क्लास माळावर पावसाळ्यात होणारी गर्दी : माळ कसा वाचवावा?

माळाकाठचा (तालुका कारंजा, जिल्हा वाशीम)

सर्वांना नमस्कार. आमच्या गावाच्या उत्तरेला ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, मोठी जमीन आहे. वर सपाट माळ, उतारावर पळस आणि बोराटी, आणि खाली नाल्यापासून गावाची वावरे सुरू होतात. मातीचा थर जेमतेम वीतभर असून त्याखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो. तेथे पऱ्हाटी किंवा तूर कधी पिकली नाही, आणि न पिकल्यामुळेच तो माळ आजवर नांगराखाली गेला नाही. पवन्या, शेडा, मारवेल, कुसळी अशी गवते तेथे होतात, गावातील निम्म्याहून अधिक गुरे त्यावर जगतात, आणि श्रावणात गवतातून तणमोर हा दुर्मीळ पक्षी उडी घेताना पाहिल्याचे आमचे गायकी (गुराखी) सांगतात. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आमच्यापासून फार दूर नाही, त्यामुळे काळविटांचे कळप आणि खोकड आम्हाला नवीन नाहीत. मात्र अभयारण्य १८ चौरस किलोमीटरच्या आसपासचे आहे, आणि हे प्राणी व पक्षी त्याच्या सीमेबाहेरच्या अशाच गावमाळांवरही अवलंबून आहेत.

गेल्या काही वर्षांत या माळाची चलचित्रे मोबाइलवर फिरू लागली, आणि तेव्हापासून पावसाळ्यातील प्रत्येक रविवारी अकोला, अमरावती, यवतमाळ येथून माणसे येतात. त्यांनी येऊ नये असे माझे म्हणणे नाही. हिरवा माळ पाहून माणसाला बरे वाटते, यात गैर काही नाही. परंतु पांदण रस्ता संपल्यावर लोक गाड्या थेट वर चढवतात. पहिल्या गाडीच्या चाकोरीत पाणी साचते, दुसरा त्या चिखलाला टाळून बाजूने जातो, तिसरा आणखी बाजूने जातो, आणि अशा रीतीने एका चाकोरीचा आज चार बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील इतका रुंद उघडा पट्टा झाला आहे. त्या पट्ट्यावर गवत उगवत नाही, आणि मोठा पाऊस झाला की तेथून लाल पाणी सरळ खालच्या वावरांत उतरते. फुटलेल्या बाटल्यांनी गुरांचे खूर कापले गेले आहेत. काही मंडळी तणमोराच्या मागे गवतात धावतात, काही ड्रोन उडवतात, आणि गेल्या पावसाळ्यात शहरातील एका मंडळाने अत्यंत सद्भावनेने शेकडो बीजगोळे, म्हणजे झाडांच्या बिया घातलेले मातीचे गोळे, माळावर फेकले.

मला विचारायचे आहे ते असे. ही जमीन वनखात्याची नसताना गावाला येथे नियम करण्याचा काही अधिकार आहे का, आणि असल्यास तो कोणत्या मार्गाने वापरावा? कुंपण घालावे असे काही तरुणांचे मत आहे, पण त्यामुळे गुरांची वाट अडेल अशी भीती वाटते. आणि बाहेरच्या माणसाशी भांडण न करता त्याला पायवाटेवर कसे ठेवावे? ज्यांनी आपल्या गावात असे काही केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

निवृत्त वनपाल (अकोला)

आपला प्रश्न वेळेवर आला आहे, कारण माळ उघडा पडल्यावर तो परत आणणे हे झाड लावण्यापेक्षा कठीण काम आहे. सर्वप्रथम तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा घेऊन माळाची सीमा नक्की करावी. ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान, त्याची मालकी शासनाची आणि देखभालीची जबाबदारी व्यवहारात ग्रामपंचायतीची असते. पूर्व विदर्भात अशाच जमिनी झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या आहेत, आणि त्या वन समजाव्यात असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. आपल्या वाशीम-अकोल्याकडे तो मार्ग लागू होत नाही, म्हणून आपला आधार गायरान हाच आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत आणि त्या गावाच्या उपयोगासाठी राखाव्यात असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच जगपाल सिंग खटल्यात सर्व राज्यांना बजावले आहे. तहसीलदारांसमोर बोलताना या निर्णयाचा उल्लेख अवश्य करावा.

जमीन वनखात्याची नसली तरी प्राणी आणि पक्षी कायद्याच्या संरक्षणाखालीच असतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणे, तसेच अंडी किंवा घरटे विस्कटणे यांचाही समावेश होतो, आणि तणमोर व काळवीट हे दोन्ही अनुसूची १ मधील आहेत. म्हणजे तणमोराचा पाठलाग ही केवळ असभ्यता नाही, ती वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला कळवण्याजोगी बाब आहे. याशिवाय जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे अपेक्षित आहे. पुष्कळ गावांत ती कागदावरच असते. ती जागी करावी, माळावरील गवते, पक्षी, प्राणी आणि चराईच्या पद्धती यांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत करावी, आणि त्या नोंदीच्या आधारे ग्रामसभेचा ठराव घ्यावा. ठरावामागे लिखित नोंद असली की अधिकाऱ्याला तो बाजूला सारणे अवघड जाते, हा माझ्या नोकरीतला अनुभव आहे.

कुंपणाबद्दल मात्र मी स्पष्ट विरोध नोंदवतो. साताऱ्याच्या कास पठारावर गर्दी आवरण्यासाठी जाळीचे कुंपण घातले गेले, त्यामुळे गुरांची चराई बंद झाली आणि वन्यप्राण्यांची वाटही अडली, त्यावर बरीच टीका झाली आणि पुढे ते कुंपण काढण्यात आले. कासवर खरा उपयोग झाला तो रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि परिसरातील गावांच्या समितीने नेमलेली माणसे यांचा. आपल्याकडे गर्दी त्या प्रमाणात नाही, त्यामुळे नोंदणीची यंत्रणा उभारण्याचे कारण नाही, पण माणूस उभा करणे आपल्यालाही शक्य आहे. कुंपणाऐवजी चर खोदावा असे कोणी सुचवले तर तेही नाकारावे. वीतभर मातीत यंत्राने चर खोदला की मुरूम वर येतो आणि त्या ढिगाऱ्यावर गाजरगवत व तरोटा येतो.

वाहने मात्र वर जाता कामा नयेत. पांदण रस्ता माळाला मिळतो तेथे मोठे दगड एकमेकांपासून हातभर अंतरावर रोवावेत. गुरे आणि माणसे त्यातून जातात, चारचाकी जात नाही. दिवाळीनंतर गवतकापणीला बैलगाड्या लागतात, तेव्हा मधले दोन दगड बाजूला करता येतील अशी सोय ठेवावी. दुचाकी या दगडांतून निसटेल, म्हणून रविवारी आणि सुटीच्या दिवशी तेथे गावचा माणूस असणे अटळ आहे.

---

मूळचा अकोटचा, मुक्काम शेफील्ड

मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये राहतो, आणि आमच्या शहराला लागूनच पीक डिस्ट्रिक्ट नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या उंच भागावर ‘मूर’ म्हणतात तसे ओसाड दिसणारे, वृक्षहीन माळ आहेत. आपल्या माळाशी त्यांचे हवामान जुळत नाही. येथे बारमाही ओल असते, आणि जमीन म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा काळा, मऊ थर असतो, त्याला पीट म्हणतात. हा थर वर्षाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणजे मीटरभर थर साचायला हजारेक वर्षे लागतात. पण आपण चाकोरीचे जे वर्णन केले आहे ते वाचून मी थबकलो, कारण येथील नुकसान अगदी त्याच क्रमाने झाले.

१९६५ साली या माळांवरून पेनाइन वे ही लांब पल्ल्याची पायवाट खुली झाली. माणसे वाढली, वाटेवर चिखल झाला, प्रत्येकाने आपला जोडा वाचवण्यासाठी काठाने पाऊल टाकले, काठावरील झाडोरा मेला, आणि वाट रुंदावत रुंदावत काही ठिकाणी विस्तीर्ण काळा उघडा पट्टा झाला. त्या उघड्या थरातून पावसाने ओघळ पाडले. यावर उपाय म्हणून बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीतील जुन्या दगडी फरशा हेलिकॉप्टरने माळावर नेऊन एकापुढे एक अशा बसवण्यात आल्या. आज लोक त्या फरशांवरूनच चालतात, कारण तेथे पाय कोरडा राहतो, आणि बाजूची जमीन पुष्कळ ठिकाणी पुन्हा हिरवी झाली आहे. लोकांना धाक दाखवण्यापेक्षा योग्य वाट हीच सर्वांत सोयीची वाट करून ठेवणे अधिक परिणामकारक ठरते, असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्याकडे हेलिकॉप्टरची गरज नाही. वावरांतून वेचून धुऱ्यावर टाकलेले दगड माळाच्या पायथ्याशीच असतील. चिखल जेथे साचतो तेवढ्याच ठिकाणी ते बसवावेत, संपूर्ण वाट फरसबंद करण्याचा मोह धरू नये.

दुसरी गोष्ट ऋतूची. इंग्लंडमध्ये २००० सालच्या कायद्याने अशा खुल्या माळांवर पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिला, पण त्याच कायद्याने १ मार्च ते ३१ जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीला बांधूनच न्यावा असे बंधन घातले, कारण तो काळ जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा आहे. बंदी सरसकट नसून तिला तारीख आणि कारण असल्यामुळे बहुतेक माणसे ती मानतात. फलकावर ‘सक्त मनाई’ असे मोठ्या अक्षरांत लिहिण्याऐवजी कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात आणि कशासाठी जाऊ नये हे लिहावे, असे मी सुचवतो.

आगीचाही विचार आत्ताच करून ठेवावा. २०१८ च्या जूनमध्ये मँचेस्टरजवळच्या सॅडलवर्थ मूरवर भीषण आग लागली, घरे रिकामी करावी लागली आणि लष्कराला बोलवावे लागले. त्यानंतर कोरड्या दिवसांत माळावर चूल किंवा शेगडी पेटवू नये यासाठी येथे फार कडक भूमिका घेतली जाते. आपले गवत तर हिवाळ्याच्या शेवटी वाळून कोळ झालेले असते. पावसाळी पर्यटकांची सवय एकदा लागली की माघ-फाल्गुनातही माणसे जेवणे करायला येतील.

---

बेड्यावरचा शिक्षक (जिल्हा अकोला)

मी फासेपारधी समाजाचा आहे आणि आमचा बेडा, म्हणजे वस्ती, अशाच माळाच्या काठावर आहे. वरच्या दोन्ही उत्तरांतील सूचना मला पटतात, तरी एक गोष्ट राहून गेली असे वाटते, आणि ती राहून गेली तर पुढील सगळे बिघडेल.

माळावर वर्षभर वावरणारी माणसे म्हणजे गायकी, मेंढपाळ, गवत कापणाऱ्या बाया आणि आमच्यासारखे लोक. टिटवी कोणत्या उघड्या मुरमावर अंडी घालते, तित्तिर कोणत्या काटेरीत बसतो, तणमोराचा नर कोणत्या भागात उड्या मारतो आणि गवताचे बी केव्हा पडते, हे आमच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पूर्वी हे ज्ञान पोटासाठी फासे लावण्यात खर्च होत असे. आज आमच्या भागात अनेक बेड्यांवर तेच ज्ञान गवताळ माळ राखण्यासाठी वापरले जाते. माळाचा एक भाग आषाढापासून बी पडेपर्यंत चराईला बंद ठेवायचा, पवन्यासारख्या गवताला पिकू द्यायचे आणि मग कापायचे, असे नियम लोकांनी स्वतः घालून घेतले आहेत. ज्या भागात गुरेसुद्धा सोडायची नाहीत असे गावाने ठरवले आहे तेथे पर्यटकाला जाता येणार नाही, हे सांगायला मग वेगळा कायदा शोधावा लागत नाही.

परंतु आपण माळावर राखणदार नेमाल, तेव्हा तो कोणाला अडवणार हे आधी ठरवा. १८७१ च्या कायद्याने आमच्या माथ्यावर गुन्हेगार जमात असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण माणसांच्या मनातून शिक्का गेला नाही. गावात ‘माळावर फिरण्यास बंदी’ असा ठराव झाला की जीपमधून आलेल्या माणसाला कोणी अडवत नाही, आणि हातात काठी घेऊन शेळ्यांमागे जाणारे आमचे पोर मात्र पोलीस ठाण्यात बसवले जाते. म्हणून ठरावात स्पष्ट लिहावे की वाहन, ड्रोन, मद्यपान, आग, प्लास्टिक आणि पक्ष्यांचा पाठलाग यांना बंदी आहे, आणि चराई, गवतकापणी, रानभाज्या व सरपण यांसाठी पायी ये-जा करणाऱ्यांना नाही. राखणदार नेमताना गायकी आणि बेड्यावरील तरुण यांना आधी विचारावे. दाखवायचे काय आणि दाखवायचे नाही काय, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही, आणि त्यांना मानधन मिळाले तर माळ राखण्यात त्यांच्या घराचेही हित राहील.

---

माळाकाठचा

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले याबद्दल आभारी आहे. बंदी कशाला आणि कशाला नाही हे ठरावातच वेगळे लिहावे, ही सूचना माझ्या ध्यानात आली नव्हती, ती मी ग्रामसेवकांपुढे ठेवतो. दोन शंका उरतात. कॅमेरे घेऊन येणारी मंडळी स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवतात, त्यांना काय सांगावे? आणि बीजगोळे फेकणाऱ्यांना नाही म्हणताना त्यांचे मन दुखावणार नाही असे कसे समजवावे?

---

पाखरांची छायाचित्रकार (अमरावती)

छायाचित्रकारांना काय सांगावे हे मी सांगते, कारण मी त्यांच्यातलीच आहे आणि मला माळावरचे पक्षी जिवापाड प्रिय आहेत. तणमोर २०२१ पासून जगाच्या यादीत अतिसंकटग्रस्त मानला जातो. पावसाळ्यात नर गवताच्या वर माणसाच्या उंचीइतकी उडी घेतो, आणि दिवसभरात शेकडो वेळा घेतो, कारण दाट गवतात मादीला तो दिसण्याचा दुसरा उपाय नाही. आपण जवळ गेलो की तो दबून बसतो आणि उड्या थांबतात. वारंवार असे झाले तर तो ती जागा सोडतो. म्हणजे एका छायाचित्रासाठी त्याचा त्या वर्षीचा विणीचा हंगाम जाऊ शकतो, आणि इतक्या थोड्या उरलेल्या पक्ष्याच्या बाबतीत ही किंमत फार मोठी आहे. मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणे हेही तितकेच घातक आहे.

माळटिटवी आणि धाविक या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांची गोष्ट उन्हाळ्याची आहे. त्यांची अंडी उघड्या मुरमावर, खड्यांच्या रंगाची असतात आणि पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंश तापमान असते, आणि तेव्हा पक्षी अंड्यांवर बसतात ते ऊब देण्यासाठी नव्हे, तर सावली देण्यासाठी बसतात. टिटवी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. छायाचित्रकार घरट्याजवळ अर्धा तास बसून राहिला आणि टिटवी तेवढा वेळ दूर ओरडत राहिली, तर अंडी उन्हात अक्षरशः शिजतात. हे कारण समोरासमोर सांगितले तर बरीच माणसे ऐकतात, असा माझा अनुभव आहे. न ऐकणाऱ्यांना वनपालसाहेबांनी वर सांगितलेली कायद्यातील व्याख्या दाखवावी.

गावाने दोन अटी मात्र कसोशीने पाळायला लावाव्यात. छायाचित्र प्रसिद्ध करताना गावाचे किंवा माळाचे नाव, नकाशावरील खूण किंवा ओळखू येईल असा टेकडीचा भाग देऊ नये. जिल्ह्याचे नाव पुरेसे आहे. आणि घरट्याचे छायाचित्र काढूच नये, पक्षी-छायाचित्रांच्या अनेक स्पर्धाही आता अशी छायाचित्रे स्वीकारत नाहीत. रात्री प्रखर दिवे घेऊन खोकड आणि रातवे (रात्री फिरणारे पक्षी) शोधणाऱ्यांना तर गावात थांबूही देऊ नये.

---

निवृत्त वनपाल (अकोला)

बीजगोळ्यांबद्दल थोडे लिहितो. सरकारी नोंदीत असे माळ अनेकदा पडीक म्हणून दाखवलेले असतात, त्यामुळे झाडे लावली की भले होते असा समज शिकलेल्या माणसांतही पक्का बसला आहे. आमच्या खात्यानेही गवताळ जमिनींवर उंदीरमारी, सुबाभूळ यांची लागवड पुष्कळ केली, आणि त्या सावलीत पवन्या-शेडा टिकत नाही हे उशिरा उमगले. काळवीट आणि तणमोर यांना दूरवर मोकळे दिसणे आवश्यक असते. तेथे झाडांच्या रांगा उभ्या राहिल्या की ते निघून जातात.

मंडळाच्या लोकांना नकार देण्यापेक्षा काम द्यावे. नाल्याचा काठ, शाळेचे आवार, पांदण रस्त्याच्या कडा येथे पळस, निंब, बाभूळ लावण्यास भरपूर वाव आहे. आणि ज्यांना माळासाठीच काही करायचे आहे त्यांनी कार्तिकात येऊन गायकींच्या देखरेखीखाली पवन्या आणि मारवेलचे बी गोळा करावे, आणि मृगाच्या आधी ते चाकोरीच्या उघड्या पट्ट्यावर पेरावे. त्या पट्ट्यावर आधी उताराला आडव्या दगडांच्या हातभर रुंद ओळी घालाव्यात, म्हणजे माती अडेल आणि बी वाहून जाणार नाही. हे काम डोळ्यात भरणारे नाही, पण माळाला आज याचीच गरज आहे.

---

ग्रामपंचायत सदस्या (तालुका मानोरा)

आमच्या गावाच्या टेकडीवरही पावसाळ्यात लोक येतात, म्हणून व्यवहाराच्या गोष्टी सांगते. दादा, ठराव पावसाळ्यापूर्वी झाला पाहिजे, त्यासाठी १ मे ची ग्रामसभा योग्य आहे. सर्वांत मोठी गर्दी १५ ऑगस्टला होते, आणि त्या दिवशीच्या ग्रामसभेत विषय काढला तर तोवर हंगाम निम्मा संपलेला असतो. ठरावाची प्रत तहसीलदार, वनपरिक्षेत्र अधिकारी आणि पोलीस ठाणे या तिघांना देऊन पोच घ्यावी.

वाहनतळ गावातच ठेवावा, माळाच्या पायथ्याशी नको. आम्ही शाळेमागच्या मोकळ्या जागेत गाड्या लावायला सांगतो, ग्रामपंचायतीची पावती देतो, आणि ते पैसे वेगळ्या नोंदीत ठेवून त्यातून रविवारच्या राखणदारांचे मानधन देतो. गाडी गावात थांबल्यामुळे माणूस गावातून पायी जातो, चार लोकांशी बोलतो, आणि त्याच्या वागण्यात फरक पडतो. बचत गटाच्या बाया तेथेच झुणका-भाकर आणि चहा विकतात, त्यामुळे माळावर डबे आणि पिशव्या नेण्याचे प्रमाण कमी झाले. माळावर कचरापेटी मुळीच ठेवू नका. ती भरून वाहते आणि कुत्री तिच्यासाठी वर जाऊ लागतात, आणि कुत्री वर गेली की टिटवीची पिल्ले आणि काळविटाची पाडसे वाचत नाहीत. प्रत्येक गाडीमागे एक रिकामी पिशवी द्यावी आणि परतताना ती पाहावी.

शिक्षक भाऊंनी सांगितलेली चराई आणि सरपणाची सूट ठरावाच्या पहिल्याच परिच्छेदात घाला. आमच्याकडे ती शेवटी, बारीक अक्षरांत होती, आणि एका गवत कापणाऱ्या बाईला उगाच दोन तास थांबवून ठेवले गेले. पुढच्या ग्रामसभेत आम्ही ती वर घेतली. आमच्या ठरावाचा मसुदा हवा असल्यास आपल्या ग्रामसेवकांना आमच्या ग्रामपंचायतीत पाठवा, आम्ही प्रत काढून देऊ, त्यात फक्त गट क्रमांक आणि बंद भागाच्या सीमा आपल्या घालाव्या लागतील.